हडळीचं नाव काय होतं?

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारसाठी मी एक हडळ तयार केली होती. पासष्ट हिट पॉइंट, अंधारात दिसतं, केस मोकळे, पाय उलटे. तिची किंकाळी ऐकली की समोरच्याने फासा टाकायचा, आकडा कमी आला तर घाबरून पळत सुटायचं. पाच मित्रांनी तिला पिंपळाखाली गाठायचं, पाऊण तास लढायचं आणि रात्री अकराच्या आत मारायचं. अकराच्या आत, कारण आमच्यातल्या एकाच्या घरी चार महिन्यांचं बाळ आहे आणि त्याला अकराला निघावंच लागतं. थोडक्यात, प्लॅन पक्का होता.

हडळ मेली नाही. का मेली नाही ते सांगण्यासाठी हा लेख. त्यानिमित्ताने माझं एक जुनं मतही मांडून घेतो.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी बाजारात आणला. अलीकडे २०१६ पासून 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितलेल्यांना तो निदान ऐकून माहीत असतो. एका टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण डीएम होतो, म्हणजे सूत्रधार. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार म्हणतो, समोर दार आहे. खेळाडू म्हणतो, मी दार उघडतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. भातुकलीला कुणीतरी तीनशे पानांचं नियमांचं पुस्तक जोडावं, तसा हा खेळ आहे. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. दिवसभर दुसऱ्यांच्या नियमांत राहायचं आणि विकांताला स्वतःच्या नियमांत, एवढाच फरक. :)

या खेळात प्रत्येक पात्राला एक बॅकस्टोरी असते. मराठीत पूर्वकथा म्हणू. खेळाडू आपापल्या पात्राची पूर्वकथा लिहून आणतात, आणि हौसेने आणतात. आमच्या पाच पात्रांपैकी चार अनाथ आहेत. तिघांची गावं जळालेली आहेत. एकाने अकरा पानं लिहून पाठवली, त्यात वंशावळ होती. (ही अकरा पानं मी वाचलेली नाहीत. त्याला सांगू नका.)

आता या जगातली बाकीची माणसं बघा. वेशीवरचा पहारेकरी, खानावळीची मालकीण, गुहेतला तिसरा गॉब्लिन, पिंपळाखालची हडळ. यांची पूर्वकथा किती? शून्य ओळी. फक्त हिट पॉइंट.

माझं म्हणणं असं की हा हिशोब उलटा आहे. नायकाला पूर्वकथेची तेवढी गरज नसते. तो दर शनिवारी टेबलावर हजर असतो आणि त्याची कथा आपल्यासमोर घडतच असते. जो एकाच रात्रीपुरता येणार आहे त्याच्याकडे फक्त मागचंच असतं. ते काढून घेतलं तर तो एक आकडा होतो, आणि आकड्याचं एकच करता येतं: वजाबाकी.

हे म्हणणं माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नाही. या खेळाचा स्वतःचा इतिहासच त्याचा पुरावा आहे.

खेळातले काही मंत्र फार प्रसिद्ध आहेत: टेन्सरची तरंगती तबकडी, मेल्फचा आम्लबाण, बिग्बीचा हात. नवखे खेळाडू समजतात की ही कुठल्या तरी प्राचीन महापुरुषांची नावं असणार. प्रत्यक्षात १९७२ च्या सुमारास गायगॅक्सने घरातल्या घरात ग्रेहॉक नावाचा किल्ला रचला, तेव्हा त्याचे पहिले खेळाडू त्याचीच दोन मुलं होती, अर्नी आणि एलिस. टेन्सर हे अर्नीचं पात्र. अर्नेस्ट या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की टेन्सर होतं. ड्रॉमिज नावाचा एक जादूगार आहे, तो म्हणजे जिम वॉर्ड नावाचा माणूस उलट्या बाजूने वाचलेला. मेल्फ धाकट्या ल्यूकचा. कागदावर 'पुरुष'साठी एम लिहायचं आणि वंशापुढे एल्फ. दोन्ही जोडून वाचलं, झालं नाव!

पण या सगळ्यांत मला आवडतो तो बिग्बी. एकदा गायगॅक्स स्वतः खेळाडू होता, मॉर्डेनकेनन नावाचा जादूगार घेऊन, आणि सूत्रधार होता रॉब कुंट्झ. किल्ल्यात एक खालच्या लेव्हलचा दुष्ट जादूगार आडवा आला. अशा माणसाचं आयुष्य दोन-तीन फासे एवढंच असतं. पण मॉर्डेनकेननने त्याला मारलं नाही. मोहिनी मंत्र टाकून नोकर करून घेतलं. पुढे त्याच्याशी बोलणं वाढलं, त्याची निष्ठा बदलली, आणि मंत्राची गरज संपल्यावरही तो सोबत राहिला. तोच बिग्बी. २०२३ साली या खेळाचं एक मोठं पुस्तक आलं, 'बिग्बी प्रेझेंट्स: ग्लोरी ऑफ द जायंट्स'. म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी जो पाच मिनिटांत मरायचा होता, तो आज मुखपृष्ठावर आहे. कारण एवढंच, की कुणीतरी त्याच्याशी बोललं.

उलट उदाहरण आपल्या घरातलं आहे. या खेळात 'राक्षस' नावाचा एक प्राणी आहे. आपला राक्षस, नावासकट. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो पहिल्यांदा नीट दिसला, पण तो रामायणातून तिथे पोचला नाही. 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' नावाची एक अमेरिकन टीव्ही मालिका १९७४-७५ मध्ये चालली. तिच्या एका भागात राक्षस होता. तो समोरच्याला त्याच्या विश्वासातल्या माणसाच्या रूपात दिसायचा आणि मंतरलेल्या बाणाने मरायचा. खेळात आला तो हा. चित्रकाराने त्याला वाघाचं डोकं आणि हातात पाइप दिला, आणि तेव्हापासून जगभरच्या टेबलांवर राक्षस म्हणजे पाइप ओढणारा वाघ.

चित्र झकास आहे, तक्रार नाही. पण वाटेत काय गळलं ते बघा. आपल्या राक्षसांना भाऊ असतात, बायका असतात, आजोळ असतं. विभीषण भावाशी भांडून निघून जातो, घटोत्कच बापासाठी मरतो. हे सगळं गाळून उरलं काय, तर हिट पॉइंट आणि कशाने मरतो त्याची नोंद.

हे लिहिताना मी भलता शहाणा वाटत असेन. तर आता माझ्या हडळीकडे येतो, तिच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं होतं.

माझं आजोळ भांडगाव, तालुका दौंड. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत आणि मग भांडगाव. चौफुल्याच्या अलीकडे. ऊस, कॅनॉल, आसपास गुऱ्हाळं. आम्ही खेळायला हडपसरला जमतो, त्यामुळे तिथून गावी जाणं सोपं. महिन्यातून एखादा रविवार मी आजीकडे असतो. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. कानाने कमी ऐकते, बाकी सगळं शाबूत.

त्या रविवारी मी ओट्यावर बसून पुढच्या शनिवारची तयारी करत होतो. लॅपटॉपवर हडळीचं चित्र होतं. आजीने विचारलं, हे काय? मी उत्साहाने सांगितलं. आम्ही मित्र मिळून एक खेळ खेळतो, त्यात भुतं असतात. मुंजा झाला, वेताळ झाला, आता हडळ आहे. लहानपणी तूच तर सांगायचीस!

आणि खरंच तिनेच सांगितलेलं होतं. बांधावरच्या पिंपळाखालून संध्याकाळी जायचं नाही, तिथे मुंजा आहे. कोण मुंजा? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी गेला तो पोरगा. २०२४ मध्ये 'मुंज्या' सिनेमा आला तेव्हा मल्टिप्लेक्समध्ये सगळे दचकत होते, मी मात्र जुना शेजारी भेटल्यासारखा बघत होतो. सूत्रधार म्हणून विचार केला तर मुंजाची नोंद अगदी पूर्ण आहे. तो कोण होता, त्याचं काय राहिलं, तो कुठे बसतो, तुम्ही काय केलं तर तो काय करतो. चार ओळींत काम होतं. अकरा पानं लागत नाहीत.

आजीने चित्र जवळ घेऊन बघितलं. मग म्हणाली, "आन् हिचं नाव काय व्हतं?"

"हडळ."

"त्ये न्हवं. आदी बाईच व्हती न्हवं ती? तिचं नाव काय व्हतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पासष्ट हिट पॉइंट होते.

मग तिने सांगितलं. मोडूनमोडून सांगितलं, मी सलग लिहितोय. तिची एक थोरली बहीण होती. आजी दहाएक वर्षांची असताना ती पहिल्या बाळंतपणात सासरी गेली. मूलही गेलं. तिला नेताना सासरच्यांनी घरापासून मसणवट्यापर्यंत वाटेवर राळे टाकले. बाळंतपणात गेलेली बाई परत येते म्हणतात. ती रात्री उठते, वाटेवरचा एकेक दाणा वेचत घराकडे यायला लागते, सगळे दाणे वेचून व्हायच्या आत कोंबडा आरवतो आणि तिला माघारी जावं लागतं. दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून. राळ्याचा दाणा मोहरीएवढा असतो. मुद्दामच तो निवडतात.

"त्यानंतर तिचं नाव कुनी काढलं न्हाई," आजी म्हणाली. "माझ्या आईनंबी न्हाई. नाव घ्येतलं की येती म्हनायचे."

तिने मला नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. आजीने ते किती वर्षांनी उच्चारलं असेल कोण जाणे, आणि ते माझ्या हवाली केलं, जालाच्या नाही.

घरी आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे विदा शोधायला बसलो. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन आपल्याला शाळेत भेटतो तो एका वाक्यात: १९०९ च्या डिसेंबरात विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या. याच जॅक्सनला लोककथा जमवायचा नाद होता. त्याच्या मागे राहिलेली सामग्री आर. ई. एंथोवेन या अधिकाऱ्याने संपादित केली, आणि त्यातला कोकणचा भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. मजकूर बराचसा गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या उत्तरांतून आलेला. तुमच्या गावात कुठली भुतं आहेत, ती कुठे राहतात, काय केलं तर जातात? मास्तरांनी इमानेइतबारे लिहून पाठवलं. म्हणजे गायगॅक्सच्या साठेक वर्षं आधी, पगारी मास्तरांकडून तयार झालेलं आपलं मॉन्स्टर मॅन्युअल!

ती यादी गेमर म्हणून वाचायला घेतली की हरखून जायला होतं. वेताळ, खवीस, समंध, गिऱ्हा, देवचार, झोटिंग. पण बायकांच्या भुतांपाशी आलं की एक गोष्ट टोचायला लागते. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली. लावसट म्हणजे विधवा गेलेली. हडळ, अळवंत म्हणजे बाळंतपणात किंवा विटाळात गेलेली. पुरुष भुतांचे प्रकार पडतात ते बरेचदा जातीवरून, कसा मेला त्यावरून, काय इच्छा राहिली त्यावरून. बायकांचे पडतात ते ती मेली तेव्हा लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या कुठल्या टप्प्यावर होती त्यावरून. जणू फॉर्मवरचा मॅरिटल स्टेटसचा रकाना.

म्हणजे हडळीला पूर्वकथा नाही असं म्हणताच येत नाही. तिचं नावच तिची पूर्वकथा आहे. फक्त ती एका बाईची राहिलेली नाही, सगळ्यांची मिळून एक झाली आहे. जिला वाचवता आलं नाही तिची भीती वाटायला लागली, आणि भीती वाटली म्हणून नाव टाकलं. आपण ज्याला राक्षसांची यादी म्हणतो, त्यातल्या बऱ्याच नोंदी मुळात मृत्यूच्या नोंदी आहेत.

इथे दोन आक्षेप येतात. आमच्या टेबलावरही आले, म्हणून त्यांना उत्तर देणं भाग आहे.

पहिला आक्षेप आमच्या क्यूएवाल्याचा: "आठवडाभर बग मारतो, शनिवारी गॉब्लिन मारू दे. प्रत्येक गॉब्लिनला आई-बाप दिलेस तर मी फासा टाकणार कसा?" आक्षेप रास्त आहे. प्रत्येकाला पूर्वकथा द्यायची नसतेच, सूत्रधाराला नोकरी असते. माझं म्हणणं, एका रात्रीत एकाला द्या. आणि चारच ओळींत द्या. हा इथेच का आहे? याचं काय राहिलंय? याचा नियम काय? आणि याला नावाने हाक कोण मारायचं? पहिले तीन प्रश्न मुंजाने शिकवले, चौथा आजीने. बाकीचे गॉब्लिन खुशाल मारा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पूर्वकथा कळली की माफ करायचं का? प्रत्येक खलनायकाचं बालपण वाईट होतं असं दाखवायची हल्ली सिनेमांत साथच आली आहे. अशाने मग कुणीच कशाला जबाबदार राहत नाही.

याचं उत्तर भांडगावाहून फार लांब नाही, जेजुरीला आहे. मल्हारी माहात्म्यातले मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ. पूर्वकथा एकच, माज एकच, केलेला अत्याचारही एकच. खंडोबाने दोघांनाही हरवलं. हरल्यावर मणीने आपला पांढरा घोडा देऊ केला, शरण आला आणि वर मागितला की तुझ्या ठाण्यात मलाही जागा दे. त्याला जागा मिळाली. मल्लाला विचारलं तर त्याने जगाचा नाश मागितला. त्याचं मस्तक देवळाच्या पायरीशी गेलं. भाविकांनी त्यावर पाय देऊनच वर जायचं. म्हणजे मागचं सारखंच असलं तरी पुढचा निवाडा सारखा नाही. शेवटी तुम्ही काय मागता त्यावर तो ठरतो. पण मागण्याची संधी दोघांनाही मिळाली, हे विसरायचं नाही. पूर्वकथेचं काम माफी देणं नाही. तिचं काम एवढंच की फासा टाकायच्या आधी समोरच्याला एक वाक्य बोलू द्यावं.

जेजुरीत दुय्यम पात्रांची सोयही बघण्यासारखी आहे. बाणाई ही खंडोबाची दुसरी बायको, धनगराची लेक. तिच्यासाठी देवाने मेंढ्या राखल्या, चाकरी केली असं वाघ्या-मुरळी गातात. तिचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. म्हाळसा वर देवासोबत. आता हे भांडण पूर्वकथेत नुसतं सांगितलेलं नाही, ते पायऱ्यांवर मांडलेलं आहे. चढताना तुमच्या पायांना कळतं. गेम डिझाइन म्हणतात ते हेच.

अर्थात सगळ्याच जागा अशा भरलेल्या नसतात. यवतजवळून भुलेश्वरला फाटा फुटतो. टेकडीवर यादवकाळातलं देऊळ, बाहेरून किल्ल्यासारखं. १६३०च्या आसपास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने तिथे दौलतमंगळ किल्ला बांधला होता. आत शिरलं की अरुंद अंधारा जिना. आमच्यातल्या प्रत्येकाने तिथे पहिल्यांदा पाय टाकल्यावर "अरे, हे तर डंजन!" असं म्हटलेलं आहे. तिथल्या भिंतीवर गणपतीच्या रूपातली एक देवी कोरलेली आहे. सोंड आहे आणि देह बाईचा. तिला कुणी गणेशिनी म्हणतं, कुणी वैनायकी. आपल्या सगळ्यांना पाठ असलेल्या गणपतीच्या इतक्या गोष्टी आहेत, पण हिची म्हणून घरोघरी सांगितली जाणारी एक गोष्ट नाही. आम्ही एकदा तिच्यासमोर उभं राहून प्रत्येकी एक पूर्वकथा रचली. पाच जणांच्या पाच झाल्या, पाचही चालल्या असत्या. क्यूएवाल्याची सगळ्यात चांगली होती, हे इथे नाइलाजाने नमूद करतो.

यातून मला एक फरक कळला, आणि या लेखातलं माझं खरं मत म्हणाल तर ते हेच. काही पात्रांची मागची जागा रिकामी असते, वैनायकीसारखी. तिथे काय वाटेल ते रचा, कल्पनाशक्ती त्यासाठीच आहे. काही पात्रांची जागा भरलेली असते. तिथे आधीपासून कुणीतरी आहे, फक्त तिचं नाव घेणारं उरलेलं नाही. तिथे रचण्याआधी विचारायला हवं. पाश्चात्त्यांनी आपल्या राक्षसाचा वाघ केला म्हणून आपण नाकं मुरडतो, पण मी स्वतः आजीच्या ओट्यावर बसून तिच्या बहिणीचे हिट पॉइंट ठरवत होतो.

आता शनिवारचं सांगतो.

हडळ काढून टाकावी असं आधी वाटलं. आजीला फोन करून विचारलं, की खेळात ठेवू का नको. ती म्हणाली, "ठिव की. पन मारू नगा." मग मी तिची नोंद पुन्हा लिहिली. हिट पॉइंट तेवढेच ठेवले. किंकाळी काढली. नाव दिलं, आजीने सांगितलेलं नाही, दुसरं. आणि नियम एकच लिहिला: ती वेचत असते, तिला थांबवलं तरच ती अंगावर येते.

टेबलावर मी सांगितलं, "रात्र आहे. पिंपळापासून गावाकडे जाणाऱ्या वाटेवर एक बाई ओणवी दिसतेय. केस मोकळे, पाय उलटे."

क्यूएवाल्याने लगेच फासा उचलला. बाळवाला म्हणाला, "थांब. ती करतेय काय?"

"वेचतेय."

"काय?"

"राळे."

पाचही जण पुण्यात वाढलेले, राळे कुणालाच माहीत नव्हते. मग सांगावं लागलं. दाणा केवढा असतो, कुणी टाकले, का टाकले, कोंबडा आरवला की काय होतं. सांगून झाल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग बाळवाल्याने, म्हणजे त्याच्या योद्ध्याने, तलवार खाली ठेवली आणि विचारलं, "तुझं नाव काय?"

हडळ हळूच म्हणाली.

त्यानंतर लढाई झालीच नाही, पण वाद मात्र जोरदार झाला. दाणे वेचायला मदत केली तर ती घरी पोचेल, आणि गावाला नेमकी त्याचीच भीती आहे. आपल्याला सुपारी गावाने दिली आहे. पैसेही घेतलेत. जादूगाराचं म्हणणं, हा सरळ करारभंग आहे. चोर म्हणाला, गावाने आपल्याला भूत घालवायला सांगितलं, घरी पोचवलं म्हणजे घालवलंच की. क्यूएवाला गप्प होता. शेवटी तो म्हणाला, "घरी आली तर येऊ दे की. तिचंच घर आहे." आणि त्याने फासा टाकला, दाणे शोधण्यासाठी.

पंधराच्या वर आकडा आला तर मूठभर दाणे, असा मी नियम केला. एक कोंबडाही ठेवला, दर फेरीला पहाट जवळ आणणारा. अकरा वाजले. बाळवाल्याने घरी फोन करून अर्धा तास मागितला. साडेअकराला आणखी अर्धा तास मागितला. सहा वर्षं खेळतोय, पण तिन्हीसांजेच्या गोष्टीसारखं इतकं चूप बसून पाच जणांना फासे टाकताना मी बघितलेलं नाही. कुणाला मारायचं नव्हतं, काही मिळणारही नव्हतं.

पुढच्या रविवारी भांडगावला गेलो. चहा झाल्यावर आजीने विचारलं, "मारली का रं मग?"

म्हटलं, "नाही. सगळे मिळून राळे वेचत बसलो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग म्हणाली, "समदे गावले का?"

"नाही. बारा वाजले, उठावं लागलं."

"मंग पुढल्या शनवारी हुडका," ती म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.